फोनचा प्लॅन आणि रोजच्या कामाची ॲप्स निवडताना

स्वस्त प्लॅनची शोधाशोध सुरू करण्याआधी आपला स्वतःचा वापर किती आहे, हे तपासून घ्यावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाचा ॲपनिहाय हिशेब मिळतो. मात्र काही फोनमध्ये हा आकडा आपण शून्यावर आणेपर्यंत वाढतच जातो, म्हणून तो आज शून्य करावा आणि महिनाभराने पुन्हा पाहावा. दिवसाचा बराच वेळ वाय-फायवर असणाऱ्यांचा मोबाइल डेटा बहुधा त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी निघतो, आणि मोठ्या प्लॅनवरचा खर्च तिथेच वाचतो.

पुढचा मुद्दा मुदतीचा. २८ दिवसांच्या प्लॅनला आपण सवयीने महिन्याचा प्लॅन म्हणतो, पण त्या हिशेबाने वर्षाला १३ रिचार्ज करावे लागतात. त्यामुळे दोन प्लॅनची तुलना करताना किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा. डेटा रोजच्या मर्यादेचा असेल, तर न वापरलेला भाग सहसा त्याच दिवशी वाया जातो; ज्यांचा वापर चार दिवस नगण्य आणि पाचव्या दिवशी भरपूर असतो, त्यांना पूर्ण मुदतीसाठी एकत्रित डेटा देणारा प्लॅनच परवडतो. ‘अमर्यादित’ हा शब्द दिसला की खालच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचाव्यात. मर्यादा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येणार असेल, तर १ एमबी उतरवायला दोन मिनिटांहून अधिक आणि ३ एमबीचा एक फोटो पाठवायला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. असे इंटरनेट कागदोपत्री चालू असते, इतकेच.

दर कितीही कमी असला, तरी आपण जिथे बसून काम करतो तिथे रेंज नसेल तर त्याचा उपयोग नाही. कंपनीच्या नकाशावर पूर्णपणे विसंबू नये, कारण जाड भिंतींच्या आत सिग्नल बराच क्षीण होतो. फोनमध्ये दोन सिमची किंवा ई-सिमची (वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमची) सोय असल्यास नव्या कंपनीचा कमी मुदतीचा प्लॅन घेऊन आठवडाभर घरी, कामाच्या जागी आणि प्रवासात कॉल करून पाहावेत, आणि खात्री पटल्यावरच जुना नंबर पोर्ट करावा, म्हणजे तोच नंबर ठेवून नव्या कंपनीकडे न्यावा. घरात रेंज कमी पण वाय-फाय चांगले असेल, तर वाय-फाय कॉलिंगची सुविधा आपल्या फोनवर आणि त्या प्लॅनमध्ये चालते का, तेही विचारावे.

ॲप्सच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे: एका कामाला एकच ॲप पुरे. टिपणांची तीन ॲप्स असली की हवे ते टिपण नेमके चौथ्या ठिकाणी सापडते. निवडताना ते इंटरनेटशिवाय चालते का आणि त्यातली माहिती सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येते का, एवढे तरी पाहावे; हिशेब सीएसव्हीमध्ये (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) आणि कागदपत्रे पीडीएफमध्ये मिळत असतील, तर उद्या ॲप बंद पडले तरी अडत नाही. महत्त्वाच्या खात्यांसाठी, जिथे सोय असेल तिथे, लॉगिनचा कोड एसएमएसने मागवण्याऐवजी तो तयार करून देणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरावे. त्यातला कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, म्हणून रेंज नसतानाही मिळतो. पण फोन हरवल्यास उपयोगी पडणारे बॅकअप कोड त्याच फोनमध्ये ठेवू नयेत, कागदावर लिहून ठेवावेत.

सर्वांत उपयोगी पडणारे साधन म्हणजे कागद स्कॅन करण्याची सोय, जी अनेक फोनमध्ये आधीपासूनच असते. बिल गडद रंगाच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात ठेवावे आणि स्वतःची सावली पडणार नाही असे उभे राहून फोन अगदी वरून धरावा. चारही कडा आपोआप ओळखल्या जातात. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवून पुढे विषय लिहावा, उदाहरणार्थ ‘२०२५-०३-१४ वीजबिल’. नावाप्रमाणे लावताच सगळी बिले तारखेच्या क्रमाने येतात.