रायफलचे ग्रुपिंग बिघडले आहे? या चुका टाळा

अमेरिकेसारख्या देशात अनेक नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. दारूचे वजन आणि गोळी किती खोल बसवायची हे थोडेथोडे बदलत ते आपल्या रायफलला मानवणारे काडतूस घडवतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करणाऱ्या नेमबाजाला काडतूस किंवा छर्रा घडवता येत नाही, तो बाजारात मिळेल त्यातून पारखून घ्यावा लागतो. असे असले तरी ग्रुप (लागोपाठच्या शॉट्सच्या भोकांचा पुंजका) फाटू लागला, म्हणजे भोके पसरू लागली की कारण शोधताना माणसे ज्या चुका करतात त्या तिकडे आणि इकडे सारख्याच आहेत. येथे मुख्यतः १० मीटर एअर रायफलचा विचार केला आहे. पॉइंट टू-टूचा (०.२२ इंची काडतुसाच्या रायफलचा) उल्लेख जेथे फरक पडतो तेथेच येईल.

ग्रुप कोठे बसला आणि किती पसरला हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची सरमिसळ ही सर्वांत आधी होणारी चूक आहे. पाचही छर्रे आठच्या वर्तुळात डावीकडे जवळजवळ एकाच भोकातून गेले असतील, तर रायफल आणि छर्रा दोन्ही उत्तम आहेत आणि डायॉप्टरच्या (ज्या मागच्या साईटच्या बारीक छिद्रातून नेम धरतात तिच्या) काही क्लिक्समध्ये, म्हणजे ती थोडी सरकवून, काम भागते. छर्रे चहूकडे विखुरले असतील तर मात्र क्लिक्स फिरवून काहीही साधत नाही. उलट प्रत्येक शॉटनंतर साईट हलवणारा नेमबाज मुळातल्या विखुरण्यात स्वतःची भर घालतो. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असतो, एका वर्तुळाच्या रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंतचे अंतर २.५ मिमी असते आणि छर्रा स्वतः ४.५ मिमी जाडीचा असतो. इतक्या बारीक मापात घाईने काढलेला निष्कर्ष हमखास फसवा ठरतो.

दुसरी चूक मोजणीची आहे, आणि ती अनुभवी माणसेही करतात. एका छर्र्याने पाच शॉट्सचा सुरेख ग्रुप दिला, दुसऱ्याने जरा मोठा दिला, म्हणून पहिला चांगला, असे ठरवून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात तीच रायफल, तोच डबा आणि तोच नेमबाज असताना पाच-पाच शॉट्सच्या लागोपाठच्या दोन ग्रुपमध्ये दीडपट फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय शॉट्सची संख्या वाढली की ग्रुप मोठा होतोच: विखुरणे तेवढेच असताना दहा शॉट्सचा ग्रुप पाच शॉट्सच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे पाव हिश्श्याने मोठा येतो, आणि तीन शॉट्सचा सुमारे एक पंचमांशाने लहान. म्हणून तुलना करायची तर शॉट्सची संख्या सारखी ठेवावी आणि प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा शॉट्सचे किमान तीन-चार ग्रुप घ्यावेत. बाहेर गेलेला शॉट ‘हा माझ्याकडून गेला’ म्हणून वगळण्याची सवय तर फारच महागात पडते. मॉनिटर (शॉट कोठे लागला ते दाखवणारा पडदा) पाहण्यापूर्वी तो शॉट चुकल्याचे आपण बोलून दाखवले असेल तरच तो वगळण्याचा हक्क आपल्याला आहे.

त्यानंतर हात घालायचा तो स्क्रूंना. बॅरल-ॲक्शन (नळी आणि छर्रा सोडणारी यंत्रणा) आणि स्टॉक (दस्ता) यांना जोडणारे बोल्ट, डायॉप्टर रेलवर (पट्टीवर) धरून ठेवणारे स्क्रू, पुढच्या साईटची टनेल (नळकांडे) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) यांपैकी काहीही किंचित सैल असले तरी ग्रुप फाटतो, आणि सैलपणा डोळ्यांना दिसत नाही. डायॉप्टर दोन बोटांत धरून हलके डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहावा. पुसटशी हालचाल जाणवली तरी बाकी सारा तपास तेथेच थांबवून ती आधी दुरुस्त करावी. लोकलच्या गर्दीतून रायफलची केस नेणाऱ्यांनी ही तपासणी प्रत्येक सत्राआधी करावी, कारण धक्के टाळणे त्यांच्या हातात नसते. बोल्ट मात्र अंदाजाने करकचून आवळू नयेत. निर्मात्याने सांगितलेल्या मापानुसार टॉर्क पान्यानेच ते आवळावेत, कारण एक बोल्ट जास्त आणि दुसरा कमी आवळला गेला तर ॲक्शनवर ताण येतो.

आता छर्रा. सर्वांत जास्त गैरसमज येथे आहेत. स्पर्धेच्या छर्र्याचे तोंड सपाट, कंबर बारीक आणि मागचा भाग पोकळ असतो. त्या मागच्या भागाची शिशाची कड इतकी पातळ असते की नखाच्या दाबानेही ती चेपते. डबा बॅगेत उलटसुलट हलला, उंचावरून पडला किंवा छर्रे मूठभर काढून खिशात टाकले की काही छर्र्यांची ही कड लंबगोल होते आणि दर पाच-सात शॉट्सनंतर एखादा विनाकारण बाहेर जाऊ लागतो. छर्रा उजेडाकडे धरून मागून पाहिले की खोलगट कडेचे वर्तुळ एखाद्या बाजूला बसलेले स्पष्ट दिसते. असा छर्रा सरावासाठीही वापरू नये. छर्रे तराजूवर एकेक तोलून वेगळे करण्यात तासन्‌तास घालवणारे पुष्कळ भेटतात, परंतु चांगल्या प्रतीच्या डब्यात वजनातील फरकापेक्षा चेपलेली कड अधिक शॉट्स बिघडवते, असे माझे मत आहे.

डब्यावर लिहिलेले ४.४९ किंवा ४.५० मिमी हे तोंडाचे माप असते आणि कोणत्या बॅरलला कोणते माप मानवेल हे आधी सांगता येत नाही. मित्राच्या रायफलमध्ये जे चालते ते आपल्याही रायफलमध्ये चालेल, हा समज सोडून द्यावा. त्याहून महत्त्वाचा असतो बॅच क्रमांक. तीच कंपनी, तेच नाव आणि तेच माप असूनही वेगळ्या बॅचचा छर्रा वेगळा वागू शकतो. म्हणून रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट धरून, नेमबाजाचा हात बाजूला ठेवून बॅचची चाचणी करावी आणि जी बॅच पसंत पडेल तिचे डबे हंगामभर पुरतील इतके एकदम घ्यावेत. पहिला डबा संपल्यावर ‘तेच द्या’ म्हणून दुकानात जाणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे होय.

पॉइंट टू-टूमध्ये बॅचचा हा नियम आणखी कडक आहे. तेथे गोळीवर मेणाचे किंवा तेलकट वंगण असते आणि प्रत्येक प्रकाराचे वंगण निराळे असल्याने, काडतूस बदलल्यावर बॅरलमध्ये जुन्याचा थर असेपर्यंत नवे काडतूस आपला खरा ग्रुप दाखवत नाही. पहिले दहा-वीस शॉट्स मातीच्या बांधावर सोडावेत आणि मगच मोजायला लागावे. बॅरल साफ केल्यानंतरही हेच करावे.

ग्रुप आडवा न पसरता उभा लांबत असेल तर संशय छर्रा ढकलणाऱ्या, सिलिंडरमधील दाबलेल्या हवेवर घ्यावा. एअर रायफलचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो आणि १० मीटर जाताना तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग कमी-जास्त झाला की हा उतार बदलतो आणि शॉट वर किंवा खाली लागतो. थोडी विश्रांती घेऊन मारलेला पहिला शॉट नेहमी वर जात असेल, तर रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) हळूहळू गळत असून मधल्या काळात दाब वाढत असल्याची ती खूण आहे. सत्राच्या शेवटी शॉट्स खाली उतरत असतील, तर सिलिंडरमधील दाबमापक आधी पाहावा. मुंबईच्या पावसाळ्यात हातपंपाने हवा भरणाऱ्यांनी ओलावा टिपणारा फिल्टर वेळच्या वेळी बदलावा, कारण दमट हवेतील पाणी आत जाऊन झडपा खराब करते. वातानुकूलित गाडीतून काढलेली रायफल लगेच वापरू नये. साईटच्या काचेवर धुके साचते आणि डोळा नकळत दुसरीकडे सरकतो.

राहिला नेमबाज. रायफल तीन अंशांनी कलली तर १० मीटरवर छर्रा जवळजवळ १ मिमी बाजूला जातो आणि ५० मीटरवर पॉइंट टू-टूची गोळी सुमारे ६ ते ७ मिमी सरकते, म्हणजे जवळपास एका वर्तुळाचे नुकसान होते. कल दर शॉटला सारखा असेल तर साईटने तो सांभाळता येतो. बदलता कल मात्र खराब छर्र्यासारखाच दिसतो. गाल चीकपीसवर दर वेळी एकाच जागी टेकतो का, डोळा डायॉप्टरच्या मध्यात येतो का आणि पायांखालची जमीन स्थिर आहे का, हेही पाहावे. अथेन्स येथे २००४ मध्ये अभिनव बिंद्रा अंतिम फेरीत सातवा आला, आणि त्याच्या जागेखालची फरशी सैल असल्याचे नंतर समजले. चार वर्षांनी बीजिंगला त्याने सुवर्णपदक मिळवले.

या सर्व तपासात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. छर्रा, बोल्ट आणि साईटची रिंग एकाच दुपारी बदलली आणि ग्रुप सुधारला, तर नेमके काय कामी आले ते कळत नाही आणि पुढच्या खेपेस तोच घोळ पुन्हा निस्तरावा लागतो. तारीख, बॅच क्रमांक, दाब आणि बदललेली गोष्ट वहीत नोंदवावी. व्हाइसमध्ये धरूनही दोन चांगल्या बॅचचे ग्रुप फाटत असतील, तेव्हाच रायफल कारागिराकडे न्यावी, आणि सोबत त्या चाचणीची कागदी टार्गेट्स द्यावीत, म्हणजे त्याला तुमच्या वर्णनावर विसंबून राहावे लागत नाही.