मनाच्या त्रासाला कुणाकडं जायचं: सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, थेरपिस्ट की काउन्सेलर?

साताऱ्यात कुणी मला विचारलं की एखादा चांगला सायकॉलॉजिस्ट सांग, तर मी आधी उलट विचारते की नक्की होतंय काय? कारण बऱ्याच जणांना खरं तर डॉक्टर पाहिजे असतो, बऱ्याच जणांना गोळीची गरजच नसते, पण चुकीच्या दारात गेलं की दोन महिन्यांनी तेच ऐकायला मिळतं, काय फरक पडला नाही बघ.

सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि त्यावर मनोविकारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या लिहून देणं, ॲडमिट करणं, रक्त तपासायला सांगणं हे त्यांचं काम (थायरॉईड बिघडला किंवा बी12 कमी झालं तरी माणूस उदास, सुस्त होतो, म्हणून ती तपासणी टाळू नका). झोप पार उडाली, कानात आवाज येतायत, कुणीतरी आपल्या मागावर आहे असा पक्का संशय बसलाय, जेवण-अंघोळ सुटली, किंवा उलट झोप न होताही अंगात प्रचंड जोर आणि पैसे उधळणं चाललंय, तर आधी इथंच जावा. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली तर फिट येऊ शकते, त्यामुळं तेही डॉक्टरला विचारूनच. आणि डिप्रेशनच्या गोळीचा असर जाणवायला 2 ते 4 आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, चौथ्या दिवशी काहीच होत नाही म्हणून बंद करू नका आणि बरं वाटलं म्हणून मनानं तर अजिबात सोडू नका.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे एमबीबीएस नसतात, गोळ्या देत नाहीत. मानसशास्त्रात एमए करून पुढं साधारण 2 वर्षांचं एमफिल, त्यात पेशंटसोबतचं ट्रेनिंग, आणि आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं नोंदणी, असा आतापर्यंत बहुतेकांचा रस्ता राहिलाय. पोरगं अभ्यासात का अडकतंय, आयक्यू किती, आजोबांची स्मरणशक्ती किती उतरलीय, या टेस्ट हेच करतात आणि थेरपीही करतात.

आता सायकोथेरपिस्ट. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. सायकोथेरपी ही डिग्री नाही, ते बोलण्यातून मनाचा त्रास कमी करायचं काम आहे, आणि ते सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणीही शिकून करू शकतं. पण आपल्याकडं या नावासाठी वेगळं लायसन्स नाही, म्हणून बोर्डावर थेरपिस्ट लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, त्याखाली शिक्षण काय आहे ते वाचा.

नुसतं बोलून काय होणार असं घरातले म्हणतातच, म्हणून एक उदाहरण सांगते. सांगलीत 2019 ला ज्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं तो माणूस समजा. पाऊस लागला की छाती धडधडते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी मोबाईलवर बघतो, 40 फुटाची इशारा पातळी लांब असतानाच माळ्यावर सामान चढवतो, रात्रभर जागा. थेरपिस्ट त्याला घाबरू नको म्हणत बसणार नाही. धडधडलं तेव्हा मनात नक्की कुठला विचार आला, मग तू काय केलंस, केल्यावर भीती किती वेळ गेली आणि परत कधी आली, हे तो त्याच्याकडूनच काढून घेईल, आणि मग हळूहळू मोबाईल तासाभरानं बघणं, पावसात मुद्दाम पुलापर्यंत चालत जाऊन येणं, असा होमवर्क देईल. हे सीबीटीचं (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणारी थेरपी) काम, 1960 च्या दशकात अमेरिकेतले सायकियाट्रिस्ट ॲरन बेक यांनी उभं केलेलं. सेशन साधारण 45 ते 60 मिनिटं, बहुतेक आठवड्यातून एकदा, आणि काही महिने लागतात. नवऱ्याला सोडू की नको याचं उत्तर थेरपिस्ट देत नाही, ते तुम्हाला स्वतःला नीट दिसेपर्यंत सोबत बसतो, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

काउन्सेलर बहुतेक शाळा-कॉलेजात किंवा लग्नाच्या तक्रारीत भेटतात. एमपीएससीचा निकाल, ब्रेकअप, करिअर अशा ठरावीक अडचणीला चांगले. आजार दिसला की पुढं पाठवतो तो चांगला काउन्सेलर.

गोळी आणि थेरपी दोन्ही एकदम चालू शकतं, कितीतरी त्रासांत तसंच बरं पडतं. घरातल्या मोठ्यांना देवऋषाकडं जायचं असेल तर त्यावरून भांडत बसू नका, पण गोळ्या थांबू देऊ नका, आणि मारहाण, उपाशी ठेवणं, चटके असलं काही निघालं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे.

पैशाची ओढाताण असेल तर सरकारी ओपीडी बघा, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. व्यसनासाठी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. घरूनच बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन, नंबर 14416, फुकट, मराठीत, चोवीस तास.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: शिक्षण काय, नोंदणी कुठली, माझ्यासारख्या त्रासावर काम केलंय का, फी किती. विचारायला लाजू नका. जो शंभर टक्के गॅरंटी देतो किंवा दुसऱ्या पेशंटची गोष्ट नावानिशी सांगतो, तिथून उठून या, कारण उद्या तुमचीही सांगेल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिलाय.

आणि कुणी जीव द्यायचं बोलत असेल तर थेरपिस्ट शोधत आठवडा घालवू नका. सरळ विचारा, मनात मरायचं येतंय का? विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. शेतावरचं औषध घरातून हलवा, माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, गाडी नसेल तर ॲम्ब्युलन्ससाठी 108 लावा.