बेन्झीनजवळ काम करताय? मग सीबीसीचा कागद असा वाचा

पेट्रोल पंप, टँकर भरण्याची जागा, रिफायनरी, काही थिनर आणि चिकटवायची सोल्यूशनं, या सगळ्यांत बेन्झीन (पटकन वाफ होणारा एक द्रव) असू शकतं. बीएस-६ पेट्रोलमध्येही ते १ टक्क्यापर्यंत चालतं. यकृतात त्याचं रूपांतर होऊन बनलेली द्रव्यं अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींना इजा करतात. त्यातून मज्जा सुकते (अप्लास्टिक अॅनिमिया), किंवा पुढे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

कामावर रुजू होण्याआधीच एक सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढची तुलना त्याच्याशी आणि मागच्या रिपोर्टशी करायची. लॅबची ‘नॉर्मल’ रेंज इथे फसवते. प्लेटलेट २,९०,००० वरून १,९०,००० वर आल्या तरी रिपोर्टवर लाल खूण येत नाही, पण घट तिसऱ्या हिश्शाहून जास्त झालेली असते. प्लेटलेटमध्ये मागच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घट, पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली किंवा हिमोग्लोबिन उतरत चाललेलं दिसलं, तर त्या कामावरून बाजूला व्हा, तपासणी पुन्हा करा. तीच घट दिसली तर थेट रक्तविकारतज्ज्ञ गाठा. लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आकडाही बघत जा. तो बऱ्याचदा आधी घसरतो.

आपल्याकडे एक घोळ नेहमीचा. बी-१२ कमी असलं तरी तिन्ही प्रकारच्या पेशी (लाल, पांढऱ्या, प्लेटलेट) उतरू शकतात, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते. म्हणून बी-१२ची सुई टोचून घेण्याआधी त्याची पातळी मोजा, नाहीतर चित्र गढूळ होतं. रेटिक्युलोसाइट काउंटही (नव्याने बनलेल्या लाल पेशींची मोजणी) सोबतच करा. मज्जा सुकल्याचं निदान पक्कं होतं ते कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेच्या तुकड्यावर. मज्जेतून नुसता ओढलेला द्रव पुरत नाही.

शरीरात बेन्झीन किती गेलं ते लघवीतल्या एस-फिनाइलमर्कॅप्ट्युरिक आम्लावरून (बेन्झीनपासून शरीरात बनणारं द्रव्य) कळतं. नमुना कामाची पाळी (शिफ्ट) संपताच द्या, कारण काही तासांतच ते निम्मं होतं. सिगारेट ओढत असाल तर आधीच सांगा. तिच्या धुरातही बेन्झीन असतं.

कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज लागतं. नायट्रिल हातमोज्यांतून बेन्झीन लवकर आरपार जातं. पेट्रोलने हात धुणं आणि पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढणं, दोन्ही बंद. वास येईपर्यंत थांबू नका. ८ तासांसाठी अमेरिकेतली मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आहे, आणि वास बहुतेकांना त्याहून जास्त पातळीलाच येतो.

पेशी उतरलेल्या असताना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. अशात ३८ अंश सेल्सिअसवर ताप आला तर रात्र काढू नका, रुग्णालय गाठा. आणि रक्त चढवायची वेळ आली तर सख्ख्या भावंडांचं घेऊ नका. उद्या मज्जा प्रत्यारोपणासाठी त्यांच्याकडेच बघावं लागेल, आणि त्यांचं रक्त आधी घेतलं असेल तर शरीर त्यांची मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो.