दावा जिंकला, पण खर्च पदरात पडला नाही: दिवाणी कोर्टातल्या या चुका टाळा

दिवाणी दाव्याचा निकाल लागला की पक्षकार ‘मंजूर’ की ‘नामंजूर’ एवढंच विचारतो. त्याच्या पुढचं वाक्यही वाचा. तिथे एक तर ‘खर्चासह’ असतं, नाही तर ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा’ असतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे खर्च देणं कोर्टाच्या मर्जीवर असलं, तरी हरणाऱ्याने खर्च द्यावा हाच नियम आहे, आणि तो मोडायचा तर कोर्टाला लेखी कारण द्यावं लागतं. म्हणून निकालात कारण न देता आपापला खर्च सोसायला सांगितलं असेल, तर अपिलाच्या मेमोमध्ये (अपिलाच्या लेखी अर्जात) तो मुद्दा स्वतंत्रपणे घ्या.

वकिलाची पूर्ण फी वसूल होईल असं धरून चालणं

सर्वांत मोठा गैरसमज हाच. तुम्ही वकिलांना दोन लाख दिले असतील, पण हुकूमनाम्यात (निकालानंतर कोर्ट काढतं त्या औपचारिक आदेशात) वकील फी धरली जाते ती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, बहुधा दाव्याच्या मूल्यांकनावर, आणि ती खऱ्या फीच्या जवळपासही नसते. दिल्ली उच्च न्यायालयाने रघुबीर सरण चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणात प्रत्यक्ष झालेला ४५,२८,००० रुपये खर्च द्यायला लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही, कारण नियमांच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष खर्च देता येत नाही. नियम जुने झालेत हे मात्र त्याच निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

व्यापारी वाद असेल आणि मूल्य किमान ३ लाख असेल, तर चित्र वेगळं. व्यापारी न्यायालय कायदा, २०१५ ने अशा वादांपुरतं कलम ३५ बदललं आहे. तिथे वाजवी वकील फी आणि साक्षीदारांचा खर्च धरता येतो. शिवाय पक्षकारांची वागणूक कशी होती, तडजोडीचा रास्त प्रस्ताव विनाकारण धुडकावला का, हेही कोर्ट पाहतं. त्यामुळे व्यापारी दाव्यात तडजोडीचा प्रस्ताव तोंडी देऊ नका, तारखेसह लेखी द्या.

हुकूमनाम्यातला खर्चाचा तक्ता न तपासणं

हुकूमनाम्याच्या शेवटी वादी आणि प्रतिवादी यांच्या खर्चाचा तक्ता असतो: दाव्यावरचा कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्रावरचा स्टॅम्प, दस्तांवरचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनर फी (पाहणीसारख्या कामासाठी कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीची फी), समन्स बजावणीचा खर्च. ज्याची पावती रेकॉर्डवर नाही ते इथे येत नाही. कोर्ट कमिशनरला किंवा मोजणीसाठी भरलेले पैसे हमखास सुटतात, कारण पावती वकिलांच्या फाइलीत राहते आणि कोर्टाच्या फाइलीत जात नाही. युक्तिवाद संपण्यापूर्वी पावत्या यादीसह दाखल करा. निकालानंतर हुकूमनामा १५ दिवसांत तयार व्हायला हवा. नक्कल मिळाली की बेरीज ताडून पाहा. लेखनाची किंवा आकड्याची चूक कलम १५२ खाली अर्ज देऊन दुरुस्त होते. पण कोर्टाने खर्चच नाकारला असेल, तर तो या अर्जाने मिळत नाही.

तहकुबीचा खर्च भरायला टाळाटाळ

पाचशे रुपयांसाठी दावा अडकतो तो इथे. तारीख घेतली किंवा ठरलेली गोष्ट केली नाही म्हणून कलम ३५ब खाली खर्च बसवला असेल, तर तो पुढच्याच तारखेला द्यावा लागतो. न दिल्यास वादीला दावा पुढे चालवता येत नाही आणि प्रतिवादीला बचाव. आधी आदेश नीट वाचा. पैसे समोरच्या पक्षाला द्यायचे आहेत, कोर्टात भरायचे आहेत की विधी सेवा प्राधिकरणाकडे? चुकीच्या ठिकाणी भरलेले पैसे म्हणजे आदेशाचं पालन नव्हे. समोरचे वकील गैरहजर असतील किंवा घेत नसतील, तर त्याच दिवशी कोर्टात भरण्याची परवानगी मागा, आणि भरल्याची पुरशीस (कोर्टाला कळवणारं लेखी टिपण) देऊन रोजनाम्यात (त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाली का ते पाहा. अडचण खरीच असेल तर मुदतवाढीचा अर्जही त्याच दिवशी.

उलट बाजूने: खर्चाच्या अटीवर समोरच्याचा अर्ज मंजूर झाला आणि तो आदेश तुम्हाला आव्हानित करायचा आहे, तर पैसे मुकाट्याने खिशात घालू नका. अटीचा फायदा घेतलात, आता आदेश मान्य नाही कसं म्हणता, हा आक्षेप हमखास येतो. निदान ‘हक्क राखून स्वीकारले’ असा शेरा लिहा.

खोट्या दाव्यावर वेळेत हरकत न घेणं

‘दावा खोटा आहे’ असं कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) सगळेच लिहितात. कलम ३५अ ची भरपाई मिळवायची तर वादीला तो खोटा असल्याचं माहीत होतं, ही हरकत दावा फेटाळला किंवा काढून घेतला जाण्यापूर्वी रेकॉर्डवर हवी. हातात फार पडत नाही: साध्या दाव्यात कमाल ३,००० रुपये. व्यापारी वादांत ही मर्यादा नाही.

मान्य रक्कम भरण्याची तरतूद विसरणं

प्रतिवादींनी संहितेतल्या ऑर्डर २४ चा वापर करायला हवा, आणि नेमकी तीच कोणी वापरत नाही. समजा दावा ४ लाखांचा आहे आणि तुमच्या हिशेबाने देणं अडीच लाख आहे. अडीच लाख कोर्टात भरा आणि वादीला नोटीस द्या. नोटीस मिळाल्यापासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं. वादीने ती अंशतः म्हणून घेतली, दावा चालवला आणि शेवटी देणं तेवढंच ठरलं, तर भरणा केल्यानंतरचा खर्च वादीवर येतो. जादा मागणीमुळे त्याआधी झालेला खर्चही त्यालाच सोसावा लागतो.

दस्तांचंही असंच आहे. ऑर्डर १२ नियम २ प्रमाणे दस्त कबूल करण्याची नोटीस दिली आणि समोरच्याने सात दिवसांत प्रतिसाद दिला नाही, तर तो दस्त शाबीत करण्याचा खर्च, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर, त्याच्यावर पडतो. मग निकाल कोणाच्याही बाजूने लागो.