एचआयव्ही आणि कायदेसुधारणा: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण पहिला प्रश्न पदवीचा विचारतात. एलएलबी हवीच का, सार्वजनिक आरोग्य शिकलेलं चालेल का, समाजकार्यातून येता येईल का? तिन्हीकडून माणसं येतात आणि रुळतात. रुळत नाहीत ती कायद्याचा मजकूर शांतपणे वाचायचा कंटाळा असलेली. मोर्चे, याचिका, भाषणं हे सगळं आहेच, पण बराचसा वेळ एखादं कलम समोर ठेवून ते नेमकं कोणाला अडकवतंय हे शोधण्यात जातो.

माझी वाचायची रीत सांगते. लागण पसरवणं गुन्हा ठरवणारं कलम हाती आलं की मी तीन गोष्टी तपासते. आरोपीचा हेतू सिद्ध करावा लागतो का? लागण होण्याची खरोखर शक्यता होती, हे दाखवावं लागतं का? आणि प्रत्यक्ष लागण झालेली असावी लागते का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं, तर त्या कलमाखाली शिक्षा होते ती एचआयव्ही असल्याची आणि ते न सांगितल्याची. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हेच घडलं. एका माणसाने कंडोम वापरलेला, औषधांमुळे रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी, जोडीदाराला लागण झालेली नाही, आणि तरी शिक्षा सुनावली २५ वर्षांची. पुढे उरलेला तुरुंगवास टळला, पण दोषी ठरवणारा निकाल कायम राहिला. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदाही बदलला.

म्हणून वकिलांनाही थोडं विज्ञान यावं लागतं. फार नाही, पण पक्कं. स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये म्हटलं की नीट उपचार चालू असलेल्या आणि विषाणूभार (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. तेव्हा त्यावर भरपूर टीका झाली. पुढे २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ आणि २०१९ मध्ये पार्टनर-२ या अभ्यासांनी ते सिद्ध करून दाखवलं. २०१८ मध्ये जगभरातल्या २० शास्त्रज्ञांनी खास न्यायालयांसाठी एक संयुक्त निवेदन काढलं. थुंकल्याने लागण होते का, चावल्याने काय होतं, उपचार चालू असताना धोका किती, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. नवख्या माणसाने पहिल्या आठवड्यात काय वाचावं असं कोणी विचारलं, तर मी हेच पुढे करते. शास्त्रज्ञ 'नगण्य' म्हणून थांबतात आणि समोरचा वकील 'म्हणजे शून्य नाही ना?' म्हणून तेवढंच धरून बसतो. या दोघांच्या मधे उभं राहून बोलता येणं ही या कामातली खरी कमाई आहे.

आता जरा वेगळं. वाईट कायदे वाईट हेतूनेच होतात, हा समज आधीच काढून टाका. २००४ मध्ये चाडची राजधानी एन्जामिना इथे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेसाठी एक आदर्श मसुदा तयार झाला. त्यात भेदभावाविरुद्ध संरक्षण होतं, गोपनीयता होती, आणि त्याच्याच पोटात 'जाणूनबुजून संक्रमण' हा ढिसाळ व्याख्येचा गुन्हाही होता. पुढच्या काही वर्षांत अनेक देशांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. कायदा लोकांच्या भल्यासाठीच आहे असं जिथे ठासून सांगितलं जातं, तिथली शिक्षेची कलमं मी आधी वाचते.

अशा कायद्यांचा फटका सर्वांत आधी बायकांना बसतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गरोदरपणातल्या तपासणीत बाईची चाचणी आधी होते, म्हणजे घरात निदान तिचं पहिलं होतं. ज्याचं निदान पहिलं, लागण त्याने आणली असं सगळे धरून चालतात. मग 'माहीत असूनही सांगितलं नाही' हा आरोप तिच्यावर येतो. सांगितलं असतं तर मारहाण झाली असती किंवा घराबाहेर काढलं असतं, याला कलमात कुठे जागा असते? भारताच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात ती जागा ठेवली आहे. इतरांना लागण होऊ नये म्हणून काळजी घेण्याचं जे दहावं कलम आहे, त्यात हिंसा किंवा परित्यागाची रास्त भीती असलेल्या स्त्रीसाठी अपवाद केला आहे. मसुद्याचं काम शिकायचं असेल तर हे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला हा अपवाद, दोनदा वाचा.

गोपनीयतेबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते एका बैठकीने. मसुद्यावर चर्चा चालू होती. भेदभावबंदी, दंड, नुकसानभरपाई असं आम्ही एकेक वाचत होतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आधारगटातल्या एक ताई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "तक्रार केली तर माझं नाव फायलीवर येणार ना?" आणि त्या फायलीचा प्रवास त्यांनीच सांगितला: आवक नोंदवणारा, टेबलावर नेऊन ठेवणारा शिपाई, प्रती काढणारा, आणि यांतला कोणीतरी ओळखीतला निघतोच. त्या दिवशी आमच्या मागण्यांचा क्रम बदलला. नाव झाकण्याची तरतूद पहिल्या पानावर गेली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका रोजंदारी कामगाराचं प्रकरण नाव उघड न करता ऐकलं होतं. काम करायला सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असा तो निकाल. नाव झाकायची सोय नसती तर असं प्रकरण न्यायालयापर्यंत येणंच अवघड होतं.

मार्ग कोणता निवडायचा, न्यायालयाचा, विधिमंडळाचा की सरकारी वकिलांचा, यावर नव्यांचे फार वाद होतात. केनियात २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने लागण पसरवण्याच्या गुन्ह्याचं कलम रद्द केलं, कोलंबियात २०१९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने. इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये आणि झिम्बाब्वेने २०२२ मध्ये विधिमंडळातून तेच केलं. कॅनडात २०१८ च्या अखेरीस केंद्रीय सरकारी वकिलांना निर्देश गेले, की विषाणूभार दबलेला असेल तर खटला भरू नये. हे निर्देश मात्र केंद्राच्या अखत्यारीतल्या प्रदेशांपुरतेच (टेरिटरीज) होते, प्रांतांना लागू नव्हते. सरकारी वकिलांमार्फतचा रस्ता रटाळ वाटतो, बातमीही होत नाही. मला तो आवडतो. कायदा बदलेपर्यंत काही माणसं तरी त्याने वाचतात.

कायदा झाला की पाहुणे निघून जातात आणि खरकटं काढायचं काम उरतं. भारताचा कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे, आरोग्यसेवेच्या ठिकाणी ही मर्यादा वीसच आहे. राज्याने या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल नेमायचा आहे. नेमलाय का, त्याच्याकडे पोचायचं कसं, आदेश पाळला जातो का, हे विचारत राहणं म्हणजेही कायदेसुधारणाच. या टप्प्यावर माणसं कमी पडतात, त्यामुळे नव्यांना जागाही इथेच लवकर मिळते.

पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि पुष्कळदा प्रकल्प संपला की नोकरीही संपते. मुलाखतीत त्यामुळे तुम्हीही प्रश्न विचारा. संस्थेच्या निर्णय घेणाऱ्या मंडळात एचआयव्हीसह जगणारं कोणी आहे का? लोकांची कागदपत्रं कोण हाताळतं, संगणकावर ती कोणाला उघडता येतात? आणि साक्ष द्यायला किंवा समितीपुढे बोलायला येणाऱ्या व्यक्तीची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च कोण देतं, आणि तो त्याच दिवशी देतं का?