ट्रॉल्यांचे माप आणि स्वयंपाकघराचे वेळापत्रक

पुण्यातील आमच्या जुन्या सदनिकेतील स्वयंपाकघराचे काम काढताना माझी पहिली चूक अशी झाली की, ट्रॉल्यांची मापे मी जुन्या कडप्प्याच्या ओट्यावरून देऊन टाकली. भिंतीच्या फरशा आणि नवा ग्रॅनाइट बसल्यावर जागा दीड सेंटिमीटरने कमी भरली आणि सिंकखालची चौकट आत जाईना. तेव्हा सुतारकाम थांबवून मी क्रम नव्याने लिहून काढला: आधी तोडफोड, मग नळ व विजेच्या वाहिन्या, त्यानंतर वॉटरप्रूफिंग करून 48 तास पाणी साठवून खालच्या घरात ओल उतरते का याची तपासणी, पुढे फरशा व ओटा, आणि ओटा प्रत्यक्ष बसल्यावरच ट्रॉल्यांचे अंतिम माप. सिमेंटच्या गिलाव्यावर किमान 7 दिवस पाणी मारावे लागते. ते दिवस मी मुळात धरलेच नव्हते.

खर्चातही राडारोडा उचलण्याची मजुरी सुटली होती. म्हणून मी एकूण रकमेच्या 15 टक्के राखीव ठेवले आणि मिस्त्रींचे पैसे टप्पा पूर्ण झाल्यावरच देण्याचे ठरवले. भिंतीत गंजून पापुद्रे सुटलेला लोखंडी पाइप निघाला, तेव्हा त्याचा खर्च या राखीव रकमेतूनच भागला. ठरवलेल्या तीन आठवड्यांचे पाच झाले. तोवर आईने बाल्कनीतल्या शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, याची मला फार खंत वाटते.