मिरगाआधी चेनसॉ बाहेर काढताना

काजूचा हंगाम सरला, भट्ट्या विझल्या, की गोव्यातल्या सत्तरी-सांगे-काणकोणच्या बागायतींतून एकच घरघर ऐकू येऊ लागते. मिरग तोंडावर आलेला असतो. छपरावर झुकलेला फणस, वाळलेला माड, काजूची मेलेली फांदी, पावसाळ्याचे जळण, सगळे एकदमच आठवते. मग गेल्या जूनपासून मांगरात पडलेले मशीन काढायचे, दोरी ओढायची आणि थेट झाडाला भिडवायचे. माझे म्हणणे एवढेच: पहिला दिवस झाडाला देऊ नका, मशीनला द्या.

सुरुवात टाकीपासून. गेल्या वर्षीचे पेट्रोल आत असेल तर ते काढा, आणि पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढते. आपल्याकडच्या दमट हवेत ते काही महिने पडून राहिले की पाणी तळाशी बसते, कार्बोरेटरचा रबरी पडदा कडक होतो आणि दोष ‘मशीनच वाईट’ म्हणून मशीनवर जातो. ताजे पेट्रोल घ्या. चांगले टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल, असेल तर बहुतेक मशीनना ५०:१ चालते, म्हणजे १ लिटरला २० मिलि. काही मशीन आणि साधी तेले २५:१ मागतात, म्हणजे ४० मिलि. माहितीपुस्तकात जे लिहिले असेल तेच खरे. अंदाजाने झाकणभर ओतण्याची सवय सोडा. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो आणि इंजिन उघडायचा खर्च पाहून पुढच्या वर्षी कोयताच बरा वाटतो. मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच करा आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत अजिबात ठेवू नका. घरात मुले असतात.

दुसरी टाकी चेनच्या तेलाची. गाडीचे जळालेले काळे तेल फुकट मिळते म्हणून त्यात घालणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते, त्याने तेलाचा पंप आणि चेन जिच्यावर फिरते ती पट्टी दोन्ही झिजतात. तेल सुटते का ते पाहायला मशीन चालू करून पट्टीचे टोक पांढऱ्या कागदासमोर थोडे लांब धरा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर बहुधा पट्टीचे भोक भुशाने बुजलेले आहे.

आता धार. याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते आणि अंगावर येतेही हेच. धारदार चेन लाकडाच्या जाडसर कपच्या काढते आणि स्वतःच आत शिरते. बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते, धूर काढते, आणि माणूस वरून रेटू लागतो. रेटणारा माणूस थकतो, थकलेला तोल घालवतो. आपल्या डोंगराळ बागायतीत चिरे आणि जांभ्याची जमीन. आडव्या खोडाला तोडता तोडता टोक एकदा जरी मातीला लागले तरी धार गेलीच म्हणा. शेवटचा भाग कापायच्या आधी खोड फिरवून घ्या किंवा खाली ओंडका सारा. जुन्या झाडांत कुंपणाची तार आणि खिळेही गिळलेले असतात.

धार लावायला गोल कानस लागते. चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराप्रमाणे, ती ४, ४.८ किंवा ५.२ मिलिमीटरची असते. दुकानात चेनचा तुकडा नेऊन दाखवा. बहुतेक चेनना कोन ३० अंशांचा, दातावर त्याची खूणही असते. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची. मागे ओढताना उचलून घ्यायची, घासत आणायची नाही. आधी सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापावर आणा, नाहीतर मशीन कापताना एका बाजूला ओढत राहते. प्रत्येक दाताला सारख्याच ओढी मोजून द्या, दोन-तीन पुरतात. दाताच्या पुढे जे बुटके नाक असते ते दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावे. तेही कानसून फार खाली नेले तर मशीन लाकडाला हिसके देते. पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा चेन गार होऊ द्या, मग हातमोजे घालून दोन मिनिटे कानस फिरवा. दिवसभराचे काम अर्ध्या कष्टात होते.

चेनचा ताण मशीन गार असताना पाहा. चेन पट्टीच्या खालच्या कडेला चिकटून असावी आणि हातमोजे घातलेल्या हाताने सहज पुढे सरकावी. तापल्यावर ती ढिली होते, तेव्हा आवळली तर काम संपल्यावर परत सैल करा, नाहीतर गार होताना आकसून पट्टी आणि बेअरिंग ओढते. पट्टी अधूनमधून उलटी लावा म्हणजे एकच कड झिजणार नाही. एअर फिल्टर मात्र रोज झाडा.

अंगात काय घालायचे यावर मे महिन्यात कुणाला बोलावेसे वाटत नाही. बनियन, हाफ पँट आणि चप्पल यांत मशीन चालवणारे आपण रोज पाहतो. चेनसॉची खास पँट किंवा पुढे बांधायचे चॅप्स यांत लांब धागे असतात. चेन लागली की ते धागे ओढले जातात आणि चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात (स्प्रॉकेटमध्ये) अडकून चेन थांबवतात. नुसत्या जाड जीन्सने ते होत नाही. जाळीचा चष्मा, कानाला मफ, टणक बूट हे तर हवेच. उकाडा असह्य होतो हे खरे, म्हणून सहाला सुरू करा आणि दहाला थांबा. दुपारी मशीन आणि माणूस दोघेही सावलीत.

सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक पुढे ढकला, मागच्या हँडलमध्ये उजवा पाय आणि मग दोरी. हवेत लोंबकळते धरून दोरी ओढणारे तरबेज दिसतात, पण त्यांची नक्कल करू नका. पेट्रोल भरल्या जागेपासून चार पावले दूर जाऊन सुरू करा आणि तापलेला सायलेन्सर वाळक्या पानांवर टेकवू नका. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात लागलेल्या आगी आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहेत.

पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग ही सगळ्यात धोक्याची जागा. तो कुठल्याही आड फांदीला लागला की मशीन पापणी लवायच्या आत उसळून तोंडाकडे येते. माझ्या डाव्या मनगटावरची खूण त्याचीच आहे, आणि त्या दिवशी माझा डावा अंगठा हँडलच्या खाली नव्हता. अंगठा गुंडाळून धरा, खांद्याच्या वर मशीन नेऊ नका, शिडीवर चढून तर कधीच नाही.

काजूची जड फांदी एकाच कापाने वरून पाडली तर ती मोडताना खोडाची साल सोलून नेते. खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून तिसरा हिस्सा काप, मग थोडे पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर गळ्याला न छेडता. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पोफळीच्या कोळेरोगासाठी मोरचूद घरात आलेलेच असते, थोडे बाजूला काढा.

उन्मळून पडलेले झाड वेगळेच प्रकरण. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आले तेव्हा रस्त्यात पडलेली झाडे तोडायला गावागावातून मशीन निघाली. पडलेल्या खोडात ताण कोंडलेला असतो. वाकलेल्या फांदीची आतली, दबलेली बाजू आधी थोडी कापा, मग ताणलेली. उलट केलेत तर पट्टी अडकते किंवा फांदी तोंडावर येते. उभ्या झालेल्या मुळांच्या थाळीजवळ उभे राहू नका. खोड कापताच ती परत खड्ड्यात बसते. विजेच्या तारेला स्पर्श झालेले झाड असेल तर वीज खात्याचा माणूस येईपर्यंत मशीन बंद.

उभे झाड पाडायचे ठरवले असेल तर आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. गोव्याचा १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी जमिनीलाही लागतो, आणि २०१६ साली वगळलेला माड पुढच्याच वर्षी त्यात परत आला. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको, मागे तिरकस पळवाट मोकळी हवी. घराकडे झुकलेले मोठे झाड स्वतः पाडायला जाऊ नका, दोरखंड लावणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा.

काम आटोपले की टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा, चेन तेलात भिजवून डब्यात ठेवा. समुद्रकाठच्या गावांत खारा वारा महिनाभरात गंज चढवतो. मशीन मांगरात जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, पट्टीला कव्हर घालून.